रोह्याहून टाकलेलं पत्र

दहावीच्या पेपरांनंतर हरेश घरतनं मराठीत सलग दोन पानं लिहिली ती थेट दक्षिण सुदानमध्ये, नाईल नदीच्या काठी, पत्र्याच्या खोक्यासारख्या एका खोलीत बसून. मधली सोळा वर्षं त्याच्यावर तशी वेळच आली नव्हती. फौजेत हिंदी बोलायची, रजिस्टर इंग्रजीत भरायचं आणि घरी फोन करायचा, असं चाललं होतं. पण आता घरी फोन करून उपयोग उरला नव्हता. त्याच्या बाबांना, गुणाजी घरतांना, ऐकूच येत नव्हतं.

गुणाजी पेणजवळच्या जोह्यातले. तिथल्या गणपतीच्या कारखान्यात ते मूर्तींच्या डोळ्यांची आखणी करायचे, तीसेक वर्षं तेच काम. रंग फवारायचं मशीन दिवसभर कानाशी घरघरायचं. त्यानं म्हणा की वयानं म्हणा, कान हळूहळू गेले. नंदानं, हरेशच्या थोरल्या बहिणीनं, पेणच्या डॉक्टरकडून कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं. "डोक्यात माशा घोंगावतात," म्हणून त्यांनी ते डबीत घालून फळीवर ठेवलं, ते तिथंच राहिलं.

नंदाला रोह्याला दिलेलं. नवरा धाटावला एका कंपनीत शिफ्टमध्ये. दर पंधरा दिवसांनी ती गाडीनं हमरापूरला उतरून बाबांकडं चक्कर टाकायची. हरेश आफ्रिकेत पोचल्यावर पहिल्याच महिन्यात तिनं व्हिडिओ कॉल लावून दिला. गुणाजींनी मोबाईल हातभर लांब धरला, पोराचं तोंड बघितलं आणि "बारीक झालास रं!" असं ओरडले की शेजारपाजारचे बाहेर आले. हरेश काहीतरी सांगू लागला. ते नुसते हसत राहिले, मान हलवत राहिले. मग हरेशनं जेवल्याची खूण केली. त्यांनीही केली. तेवढ्यात खुणा संपल्या. चित्र अडकलं आणि बाबांचं अर्धवट हसू पडद्यावर तसंच थिजून राहिलं.

"तू मेसेज लिव, मी त्यांना दाखवीन," नंदा म्हणाली. पण बापाशी जे बोलायचं ते बहिणीच्या मोबाईलवरून कसं बोलणार? म्हणून हरेशनं कँटीनमधून रेघांची वही घेतली आणि पहिलं पत्र लिहिलं. टपालाची थैली पंधरवड्यातून एकदा विमानानं निघायची, दिल्लीत मुक्काम करायची. जोह्याला पत्र पोचायला तीन आठवडे, उत्तर यायला तेवढेच.

हरेश होता फौजेच्या दवाखान्यात नर्सिंग असिस्टंट. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत वर्षभरासाठी त्यांची तुकडी गेली होती. निळी टोपी, पांढऱ्या गाड्या. तळाला लागूनच काटेरी तारांच्या पलीकडं घरंदारं सोडून पळून आलेल्यांची छावणी, वीस हजारांवर माणसं. दवाखान्यात देशभरातली माणसं होती, पण मराठी एकही नाही. खोलीत जोडीला बिजू होता, केरळचा, भला माणूस. दोघं हिंदीतून बोलायचे. ती हिंदी कामापुरती पुरे पडायची. औषध, जेवण, ड्युटी, हवामान. त्यापुढचं काही मनात आलं की शब्द शोधण्यातच ते विझून जायचं. बुटाची नाडी तुटली की हरेश स्वतःशीच मराठीत शिवी द्यायचा आणि आपलाच आवाज ऐकून दचकायचा. दोन-दोन दिवसांत त्याच्या तोंडून निघालेली मराठी तेवढीच.

पत्रांत तो तिथली हकिगत लिहायचा. इथं डोंगर म्हणून नाही, नजर जाईल तिकडं सपाट. माती आपल्या खाडीच्या खाजणासारखी काळी, पावसात गाडीची चाकं गिळते. लोक ताडमाड उंच. बाबांची उत्तरं चार-पाच ओळींची यायची. सातवी शिकलेला माणूस, पण अक्षर असं की बिजू कागद हातात घेऊन नुसता बघत बसायचा. "पाऊस बरा. फाट्यावरचे खड्डे हायत तसेच. नंदी येऊन गेली. कामाची घाई हाय. जेवत जा." बस. हरेश ते पाच-पाच वेळा वाचायचा. चार ओळींत पाचव्यांदा नवीन काय सापडणार, पण वाचायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी छावणीत गोळीबार सुरू झाला. कोण कुणावर चालून आलं ते हरेशला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. दुपारपर्यंत धूर दिसत होता आणि फाटकातून माणसं आत येत होती. कुणी चालत, कुणी पाठीवर, कुणी घोंगडीत. पुढचे दोन दिवस तो उभाच होता. तिसऱ्या दिवशी बसला तेव्हा पायांतून बूट निघेनात, बिजूनं ते कात्रीनं कापून काढले.

त्या माणसांत एक म्हातारा होता. पोटात गोळी. ऑपरेशन झालं, जगेल असंही वाटलं, पण जखमेत पू झाला. त्याच्याबरोबर कुणी नव्हतं. दवाखान्याचा दुभाषा दोन-तीन स्थानिक भाषा जाणायचा. म्हाताऱ्याची त्यातली एकही नव्हती. "हा फार पूर्वेकडून आला असणार," एवढंच तो म्हणाला. छावणीत विचारलं, कुणी ओळखेना. रजिस्टरात नावाच्या जागी 'अज्ञात पुरुष' लिहिलं गेलं.

म्हातारा बोलायचा मात्र भरपूर. दुपारी हरेश पट्टी बदलायला गेला की त्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवायचा आणि सुरू करायचा. लांबलचक वाक्यं, मध्येच हसू, मध्येच प्रश्न. प्रश्न विचारून थांबायचा, उत्तराची वाट बघायचा. पहिले दोन दिवस हरेश हिंदीत "हां बाबा, हां बाबा" करत राहिला. तिसऱ्या दिवशी तो न ठरवता मराठीत बोलून गेला. "काय सांगू आजा, मला काय कळत नाय बघ तुझं."

म्हातारा खूश झाला. जणू एवढंच त्याला हवं होतं.

मग रोज दुपारी ते चालू झालं. आधी म्हातारा बोलायचा, मग हरेश. हरेशनं त्याला जोहं सांगितलं, खाडी सांगितली, भरतीच्या पाण्याबरोबर शेताच्या बांधापर्यंत येणारी जिताडा माशाची पोरं सांगितली, बाबांचं काम सांगितलं. आणि सातव्या की आठव्या दिवशी, हात सलाईनच्या नळीवर असताना, त्यानं एक गोष्ट सांगितली जी त्यानं उभ्या जन्मात कुणाला सांगितली नव्हती.

"माझी आय गेली तवा मी लखनौला व्हतो, ट्रेनिंगला. नंदातायनं फोन केला, आय सिरीयस हाय, ये. साहेबांनी सुट्टी दिली असती. मी मागितलीच नाय. चार दिवसांवर परीक्षा व्हती. म्हटलं, चार दिवस काढंल ती. तिनं दोनच काढले. घरी जाऊन मी सांगितलं, सुट्टी मिळाली नाय."

म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग आपल्या भाषेत काहीतरी बोलला, थोडंसंच, आणि मनगटावरची बोटं तशीच ठेवली.

अकराव्या दिवशी सकाळी तो गेला. हरेश जवळच होता. श्वास लांब-लांब होत गेला आणि पुढचा आलाच नाही. दुपारी तळामागच्या मोकळ्या जागेत पुरलं. दुभाषा, बिजू, हरेश आणि खड्डा खणणारे दोघं. लाकडाच्या फळीवर नाव नव्हतं, तारीख होती.

त्या आठवड्यात थैली निघणार होती, म्हणून हरेशनं पत्र लिहिलं. "बाबा, इथं सगळं बरं हाय. ऊन वाढलंय. काल बिजूनं नारळ घालून कोबी केला. काळजी करू नको."

उत्तर आलं ते एप्रिलात. "पत्र मिळालं. बरा हायस असं लिवलंस. पण अक्षर बरं नाय तुझं. सगळी रेघ थरथरलीय. आमची रेघ हलली तर मूर्तीचा डोळा जातो, म्हणून मला समजतं. काय झालं ते खरं लिव."

हरेश चार संध्याकाळी वही उघडून बसला. "बाबा, खरं म्हणजे" इथपर्यंत लिहायचा. म्हाताऱ्याचं लिहायला गेलं की आईचं आल्याशिवाय राहत नव्हतं, आणि आईचं लिहिलं की बारा वर्षांनी खोटं उघडं पडत होतं. पाचव्या दिवशी त्यानं लिहिलं, "हाताला थोडं लागलं व्हतं. आता बरं हाय." त्यावर बाबांचं उत्तर आलंच नाही. किंवा आलंही असेल; मे महिन्यात त्यांची तुकडी परतली आणि ते पत्र वाटेत कुठंतरी राहिलं.

पंचेचाळीस दिवसांची सुट्टी घेऊन हरेश जोह्यात उतरला तेव्हा कारखान्यांचा मोसम ऐन भरात होता. घराघरासमोर पांढऱ्या मूर्ती उन्हात मांडलेल्या, जायला वाट नाही. गुणाजींनी त्याला बघितलं, ब्रश खाली ठेवला, दोन्ही हातांनी त्याचे दंड दाबून बघितले. मग त्याचा उजवा हात उलटा-सुलटा करून बघितला. लागल्याची खूण कुठंच नव्हती. त्यांनी हात सोडला आणि पुन्हा ब्रश उचलला.

गावातले भेटायला आले. कारखान्याचा मालक दत्ता म्हणाला, "काय मग फौजी, किती उडवलेस?"

"मी दवाखान्यात व्हतो."

"म्हंजे गोळीबार नाय बघितला?"

"ऐकला."

दत्ताची जरा निराशा झाली. "असूंदे," म्हणाला, "सुखरूप आयलास ना." आणि मग पेणच्या बाजारातले भाव निघाले, रामवाडीचा पूल निघाला.

हरेशला वाटलं होतं, घरी गेलं की बोलता येईल. विमानात सगळा रस्ता त्यानं तेच मनात जुळवलं होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी बापलेक जेवायला बसले तेव्हा त्यानं बाबांच्या कानाशी तोंड नेलं.

"बाबा, तिकडं एक म्हातारा व्हता!"

"कुठं?"

"तिकडं! दवाखान्यात! माझ्यासमोर मेला!"

"काय म्हणतंस?"

"मेला! म्हातारा! माझ्यासमोर!"

शेजारची किमयाकाकी हातातलं सूप घेऊन धावतच दारात आली. "अगो बाय, कोण मेला रं?"

"कोण नाय काकी."

"मग वरडतंस कशाला? माझं काळीज फाटलं ना." तिच्यामागं आणखी दोघं-तिघं येऊन उभे. गुणाजी एकदा पोराकडं, एकदा दाराकडं बघत होते. हरेशनं भाताचं पातेलं उचलून वाढू का अशी खूण केली. त्यांनी ताट पुढं केलं.

संध्याकाळी त्यानं वही काढली. बाबा समोरच्या खाटेवर बसलेले, त्याच्याकडं बघत असलेले. दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाला पत्र कसं लिहायचं? "बाबा" लिहिलं की बाबा मान वर करून बघायचे. त्यानं वही मिटली. आफ्रिकेत असताना तो एकटा होता त्याला कारण होतं, तीन हजार मैलांचं. इथं बाबांचा श्वास ऐकू येत होता, विडीचा वास येत होता, आणि तरी एकटेपण तसंच, उलट वाढलेलं. कारण आता कुठं जायचं म्हणून उरलं नव्हतं.

दहाव्या दिवशी तो नंदाकडं रोह्याला गेला. तिनं चिंबोऱ्यांचं कालवण केलं, मायेनं वाढलं, "काय झालंय तुला?" म्हणून दोनदा विचारलं. नवऱ्याची दुपारची शिफ्ट होती, नंदालाही बचतगटाच्या बैठकीला जायचं होतं. ती गेल्यावर हरेश कुंडलिका नदीच्या काठावर जाऊन बसला. पलीकडं कुणीतरी गाडी धूत होतं. त्यानं वही उघडली आणि "ती. बाबांस" असं लिहिलं. बाबा आता पुन्हा लांब होते. पंचवीस-तीस मैल का होईना, पण लांब.

दीड तासात साडेतीन पानं झाली. म्हाताऱ्याचं सगळं लिहिलं. बोटं कशी ठेवायचा, प्रश्न विचारून कसा थांबायचा, शेवटचा श्वास. मग आईचं. "सुट्टी मिळाली नाय असं मी सांगितलं ते खोटं व्हतं. मी मागितलीच नव्हती. तिच्या वेळी मी नव्हतो आणि या परक्या माणसाच्या वेळी व्हतो. तो मेला तवा मला तिचंच रडू आलं. हे कुणाला सांगू ते कळत नव्हतं."

पोस्टात जाऊन पाकीट घेतलं, चिकटवलं, पत्ता घातला. नंदा परत आली तेव्हा तो पेटीत टाकून आला होता.

"परवा तू सोताच जाणार ना घरी?" ती म्हणाली. "मग पत्र कशाला टाकलंस?"

"असूंदे गो."

तिनं रात्रीसाठी मळलेलं पीठ पुन्हा एकदा मळलं.

घरी परतल्यावर दोन दिवस त्याला अन्न गोड लागेना. कशाला टाकलं, असं वाटायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी पोस्टमन केरू सायकलवरून आला. हरेश ओट्यावरच होता. केरूनं पाकीट त्याच्याच हातात दिलं. "रोह्याचा शिक्का हाय. नंदाचं असंल."

पाकीट हातात होतं. फाडून टाकलं असतं तरी कुणाला कळलं नसतं. आतल्या चुलीत निखारेही होते. हरेश पाचेक मिनिटं तसाच बसला, मग उठला आणि कारखान्यात गेला.

गुणाजी एका हातभर मूर्तीसमोर बसले होते. एक डोळा झाला होता. हरेशनं पाकीट पुढं धरलं. त्यांनी पत्त्याचं अक्षर बघितलं, शिक्का बघितला, मग पोराकडं बघितलं. पाकीट मांडीखाली सरकवून त्यांनी आधी दुसरा डोळा पुरा केला. ब्रश धुतला. हात पुसले. मग बाहेर आंब्याखालच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि जरा सरकून हरेशला जागा केली.

आपलं पत्र वाचताना हरेशनं त्यांना कधी बघितलंच नव्हतं. ते ओळीखाली बोट फिरवत, ओठ हलवत वाचायचे. कुठवर आलेत ते ओठांवरून कळत होतं. म्हाताऱ्याशी पोचले, पान उलटलं. गोळी, पट्टी, दुपार. तिसऱ्या पानावर ओठांनी "आय" म्हटलं आणि बोट थांबलं. हरेशनं मान खाली घातली. मातीत सांडलेला गुलाबी रंग वाळला होता, त्यावर मुंग्या फिरत होत्या.

गुणाजी एरवी बोलायचे ते गावाला ऐकू जाईल असं. आता इतकं हळू बोलले की हरेशलाच कान पुढं न्यावा लागला.

"माहीत हाय मला. नंदीनं तुझ्या साहेबांना फोन लावला व्हता, तिनं तवाच सांगितलं."

हरेशनं मान वर केली.

"राग व्हता मला. दोन वरसं व्हता. तोंड बघू नये तुझं असं वाटायचं." त्यांनी पानं नीट जुळवली. "मग गेला राग. पण तवर कान जायला लागलं, नि ते बोलायचं राह्यलंच."

"बाबा..." हरेश म्हणाला. ओठ तेवढे हलले.

"त्या म्हाताऱ्याला माती कुणी दिली?"

हरेशनं आपल्या छातीवर हात ठेवला.

"तू दिलीस?"

त्यानं मान हलवली.

गुणाजींनी नुसतं "बरं" म्हटलं. दत्ता एकदा बाहेर डोकावला, काहीतरी विचारायला आला असावा, पण न विचारताच आत गेला. हरेशला रडू येईल असं वाटत होतं, ते आलं नाही. बाबांना राग होता, दोन वर्षं होता, हे ऐकायला त्याला बारा वर्षं लागली होती. ऐकून बरं वाटलं की आणखी लागलं, ते त्याला त्या दिवशी सांगता आलं नसतं.

"सुट्टी संपल्यावर कुठं जातंस?" गुणाजींनी विचारलं, पुन्हा नेहमीच्या आवाजात.

"आसाम!" हरेश ओरडला.

"तिथला पत्ता दे."

आत जाऊन त्यांनी रंगाच्या डब्यांमागून आखणीची पेन्सिल आणली आणि पाकिटाची कोरी बाजू त्याच्यापुढं धरली. हरेशनं पत्ता लिहिला. त्यांनी तो वाचला, युनिटच्या आकड्यांवर बोट ठेवून प्रत्येक आकडा विचारून घेतला. तीन का आठ, एक का सात. मग पाकीट सदऱ्याच्या खिशात घातलं आणि कामाला बसले.

उरलेले तीस-एकतीस दिवस दोघांत फारसं बोलणं झालं नाही. हरेशनं मूर्ती उचलायला हात लावला, घराची कौलं फिरवली, नंदाच्या घरी आणखी एकदा जाऊन आला. जेवताना दोघं गप्पच असत. काकीनं एकदा विचारलंच, "बापलेकांचं भांडान झालंय काय रं?" हरेश म्हणाला, "नाय गो काकी, आमचं असंच हाय."

आसामात तो पोचला तेव्हा पत्र त्याच्याआधी येऊन पडलेलं होतं. तो जोह्यात असतानाच टाकलेलं, हमरापूरचा शिक्का असलेलं. बराकीतल्या खाटेवर बसून त्यानं ते उघडलं. या वेळी चार ओळी नव्हत्या. दोन्ही बाजूंनी भरलेली दोन पानं होती, आणि पहिली ओळ अशी होती: "तुझी आय गेली त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते मी तुला कधी सांगितलं नाय, ते आता लिवतो."

हरेशनं बूट काढले, पाय वर घेतले आणि वाचू लागला.